टेलटेलचा 'द वॉकिंग डेड' गेम: निर्णय, नाती आणि क्लेमेंटाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या गेमबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिल्या आठ उत्तरांत सुरुवातीच्या प्रसंगापलीकडे कथा उघड केलेली नाही. नवव्या प्रश्नापासून मात्र कोण मरतं, कोण वाचतं, शेवट काय होतो, सगळं येतं. पहिला सीझन खेळायचा असेल तर तिथे थांबा, खेळून या आणि मग वाचा.

१. हा नेमका कसला गेम आहे? मला मारामारीचे गेम जमत नाहीत.

हा जमेल. फिरायचं, वस्तू न्याहाळायच्या, माणसांशी बोलायचं आणि अडचणीच्या वेळी काय करायचं ते ठरवायचं, असा हा अॅडव्हेंचर गेम आहे. अधूनमधून झॉम्बी अंगावर येतो (इथे त्यांना 'वॉकर' म्हणतात), तेव्हा पडद्यावर दिसेल ते बटण पटापट दाबायचं किंवा नेम धरायचा. चुकलात तर थोडं मागून पुन्हा सुरुवात होते. खरा कस लागतो तो संवादांत.

कॅलिफोर्नियातल्या टेलटेल गेम्सने पहिला सीझन २०१२ मध्ये एप्रिल ते नोव्हेंबर असा पाच एपिसोडमध्ये आणला. आपण असतो ली एव्हरेट. जॉर्जिया विद्यापीठात इतिहास शिकवणारा हा माणूस बायकोच्या प्रियकराचा खून केल्याबद्दल दोषी ठरला आहे आणि पोलिसांच्या गाडीतून तुरुंगाकडे निघाला आहे. वाटेत अपघात होतो. जखमी ली एका घराच्या आवारात शिरतो आणि तिथे मागच्या झाडावर बांधलेल्या छोट्या घरात लपलेली आठ वर्षांची क्लेमेंटाइन त्याला भेटते. पुढचं सगळं या दोघांचं आहे.

२. मूळ कॉमिक वाचलेलं नाही, टीव्ही मालिकाही पाहिलेली नाही. काही कळेल का?

सगळं कळेल. रॉबर्ट किर्कमनचं कॉमिक २००३ मध्ये सुरू झालं आणि गेम त्याच जगात घडतो, टीव्ही मालिकेच्या जगात नाही. पण ली आणि क्लेमेंटाइन ही गेमची स्वतःची माणसं आहेत. कॉमिकमधले ग्लेन आणि हर्शेल पहिल्या एपिसोडमध्ये थोडा वेळ दिसतात, एवढाच संबंध.

३. कुठल्या क्रमाने खेळायचं? थेट शेवटचा सीझन घेतला तर चालेल का?

चालेल, पण तसं करू नका. क्रम असा: पहिला सीझन, '४०० डेज' (२०१३), दुसरा सीझन (२०१३–१४), 'अ न्यू फ्रंटियर' (२०१६–१७) आणि 'द फायनल सीझन' (२०१८–१९). 'मिशोन' ही तीन एपिसोडची स्वतंत्र कथा आहे, ती कधीही खेळा. २०१९ च्या 'डेफिनिटिव्ह सिरीज'मध्ये हे सगळे २३ एपिसोड एकत्र मिळतात आणि एका सीझनचे निर्णय पुढच्यात नेणं सोपं जातं.

फायनल सीझनमध्ये क्लेमेंटाइन अशा काही गोष्टी करते ज्यांचं मूळ पहिल्या सीझनच्या तिसऱ्या एपिसोडमध्ये आहे. ते मूळ आपल्या हातून घडलेलं असलं तर ते प्रसंग काळजात घुसतात. नसलं तर ती फक्त एका धीट मुलीची गोष्ट उरते.

वेळ कमी असेल तर निदान पहिला सीझन पूर्ण खेळा. तो स्वतःपुरता पूर्ण आहे.

४. उत्तर निवडायला वेळच मिळत नाही. वाचेपर्यंत पट्टी संपते. काय करू?

सबटायटल सुरू ठेवा आणि सगळे पर्याय वाचून काढायचा हट्ट सोडा. खाली सरकणारी ती वेळेची पट्टी मुद्दाम आहे. कोणी बंदूक रोखून उभं असताना माणूस चार उत्तरं तोलून पाहत नाही. जे आधी तोंडात येतं ते बोलतो आणि मग त्याला धरून राहावं लागतं. गेमला तुमच्याकडून तेच हवं आहे.

वेळ संपली तर ली गप्प राहतो. गप्प राहणं हेही उत्तरच धरलं जातं आणि समोरचा त्यावर वागतो. काही जागी मला तेच सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटलं आहे, विशेषतः नुकतंच माणूस गमावलेल्या कोणाशी बोलताना.

५. 'क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल' असं पडद्यावर येतं. ती खरंच लक्षात ठेवते का?

कधी ठेवते, कधी नाही. काही वेळा तुमचं वाक्य दोन एपिसोडनंतर तिच्या तोंडून परत येतं. काही वेळा पुढे त्याचं काहीच होत नाही. पण ती ओळ आपलं काम तिथल्या तिथे करून जाते: एक लहान मूल आपल्याकडे पाहतंय, याची आठवण करून देते. ती येताच पुढच्या वाक्याआधी आपण थबकतो. खोटं बोलावं का, शिवी द्यावी का, समोरच्याला मरू द्यावं का, हे सगळे प्रश्न 'क्लेमेंटाइनसमोर' असे होऊन बसतात.

अशा सूचना नकोत, तर सुरुवातीलाच कमी सूचनांचा पर्याय निवडता येतो. पहिल्या वेळी मात्र त्या राहू द्या, असं मी म्हणेन.

६. निर्णय चुकला असं वाटलं तर मागे जाऊन बदलू का?

बदलता येतो. मागच्या प्रसंगावर परत जायची सोय मेनूमध्ये आहे. पण पहिल्या खेपेला बदलू नका. पश्चात्ताप हा या कथेचा अर्धा भाग आहे आणि मागे गेलात की तो हातातून जातो. अपवाद एकच: चुकून भलतंच बटण दाबलं गेलं असेल, तर ते तुमचं उत्तर नव्हतंच. बिनधास्त मागे जा.

७. सगळे एपिसोड एका बैठकीत संपवू की थांबून थांबून खेळू?

थांबून. प्रत्येक एपिसोड साधारण दोन-अडीच तासांचा आहे आणि त्याला स्वतःचा आरंभ, चढ आणि धक्का आहे. सीझन पहिल्यांदा आला तेव्हा दोन एपिसोडमध्ये आठवडे जात. तेवढ्या काळात लोक आपण केलेलं मनात घोळवत, एकमेकांशी भांडत. एका रात्रीत पाचही संपवले तर मृत्यू नुसते मोजले जातात, त्यांच्यासोबत राहणं होत नाही. दोन एपिसोडमध्ये एक दिवस गेला तरी पुरे.

८. लहान मुलांना खेळू द्यावा का? नायिका तर आठ वर्षांची आहे.

नाही. अमेरिकेत याला १७ वर्षांवरच्यांसाठीचं आणि युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठीचं मानांकन आहे. चित्रं कॉमिकसारखी जाड काळ्या रेषांची दिसतात म्हणून फसू नका. रक्त आणि शिव्या आहेतच, पण त्याहून जड म्हणजे आत्महत्या, नरभक्षण आणि मुलांचे मृत्यू आहेत.

*इथून पुढे कथा उघड केली आहे.*

९. दुसऱ्यांदा उलटे निर्णय घेऊन खेळलो आणि शेवट तोच आला. मग ही फसवणूकच नाही का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि रागाने येतो. राग समजण्यासारखा आहे, कारण कथा तुमच्या खेळण्यानुसार घडते असं गेम सुरुवातीलाच सांगतो. तेवढं ऐकून जो माणूस वेगळा शेवट शोधायला जाईल, त्याची निराशा होणार. त्या वाक्याने नको ती अपेक्षा लावली, हे मला मान्य आहे.

आधी व्यवहाराची बाजू. प्रत्येक निर्णयाने कथेला दोन स्वतंत्र फाटे फुटले, तर दहा निर्णयांनंतर १०२४ कथा होतात. एवढं लिहिणं, रेखाटणं, आवाज देणं कोणालाच शक्य नाही. म्हणून फाटे फुटतात, थोडं अंतर वेगळे चालतात आणि पुन्हा एका जागी मिळतात.

आता कथेची बाजू, जी मला जास्त मोलाची वाटते. लीच्या गटातल्या केनीचा पाचव्या एपिसोडमधला शेवट घ्या. केनी दोन्ही वाटांनी जातो. चौथ्या एपिसोडमध्ये घंटाघरात तुम्ही गटातल्या बेनचा हात सोडला असेल, तर क्रिस्टा या सोबतिणीला संकटातून वर काढताना तो मागे राहतो. बेनला वाचवलं असेल, तर बेन पुढे जबर जखमी होऊन गल्लीत अडकतो. ज्याच्या चुकीमुळे केनीचे बायको आणि मुलगा गेले तोच हा बेन, आणि केनी त्याच्यासोबत थांबतो, त्याला वॉकरच्या तोंडी द्यायला नको म्हणून. केनी गेला एवढी नोंद दोन्हीकडे सारखी. पण दुसऱ्या वाटेवर एका द्वेषाचा शेवट होतो, आणि त्याआधी बेन कधी नव्हे तो केनीला तोंडावर सुनावतो. तो प्रसंग फक्त बेनला वाचवणाऱ्यालाच पाहायला मिळतो. गेमने तुम्हाला तिथे जे दिलं ते मरणाऱ्यांच्या यादीत शोधून सापडणार नाही.

कोण मरणार हे बहुतेक वेळा लेखकांनी ठरवलेलं आहे. ते मरताना तुम्ही त्यांचे कोण होतात, हे तुमच्याकडे सोपवलेलं आहे. मी या गेमवर जीव लावला तो यासाठी.

१०. डग की कार्ली? कोणाला वाचवणं बरोबर?

'बरोबर' असं काही नाही. पहिल्या एपिसोडच्या शेवटी या दोन सोबत्यांपैकी एकालाच वाचवता येतं. बहुतेक खेळाडू कार्लीला वाचवतात, कारण तिच्या हातात पिस्तूल आहे आणि तिच्याशी बोलणंही जास्त होतं. पत्रकार असल्याने तिला लीचा भूतकाळ माहीत आहे, आणि पुढे तीच त्याला तो इतरांसमोर कबूल करायला सांगते. डग बुजरा आणि कल्पक आहे.

तिसऱ्या एपिसोडमध्ये गटाची सूत्रं सांभाळणारी लिली दोघांपैकी जो जिवंत असेल त्याला गोळी घालते. पण कसं, ते पाहा. कार्लीला ती संशयाने आणि संतापाने मारते. डग मात्र बेनवर झाडलेल्या गोळीच्या आड येऊन मरतो. एक खून होतो आणि एक बलिदान, आणि त्यानंतर लिलीला रस्त्यात सोडून द्यायचं की गाडीत बरोबर घ्यायचं, हा प्रश्न दोन्हीकडे वेगळा जाणवतो. कार्लीच्या वाटेवर मी तिला सोडलं. डगच्या वाटेवर तेवढं सोपं गेलं नाही.

११. दुसऱ्या एपिसोडमधलं खाणं कोणाला द्यावं? मी अर्धा तास अडकले होते.

तिथे अडकणं म्हणजे गेम नीट खेळणं. हा प्रसंग सगळ्या सीझनमधला सर्वांत साधा आणि माझ्या मते सर्वांत हुशारीने रचलेला आहे. झॉम्बी नाही, वेळेची पट्टी नाही. मोटेलच्या आवारात भुकेली माणसं आपापलं काम करत बसली आहेत. लिली रोज वाटप करून सगळ्यांचे शब्द ऐकून घेते. आज वैतागून ती ते काम लीवर टाकते: चार वस्तू, आणि तोंडं त्याच्या दुपटीहून जास्त. मग एकेकाजवळ चालत जायचं. हातात खाणं घेऊन समोर उभं राहायचं, बोलायचं, आणि द्यायचं किंवा तसंच पुढे जायचं.

दोन मुलांना देऊन झालं की उरतात दोन वस्तू. राबणाऱ्या मार्कला द्यावं? तुम्हाला पाण्यात पाहणाऱ्या लॅरीला दिलं तर तो निवळेल? केनीला न देता त्याच्या मुलाला, डकला, दिलं तर केनी ते कसं घेईल? तुम्ही काहीही केलंत तरी पुढच्या घटना तशाच घडतात. पण न सांगता तुमचा स्वभाव तिथे उघडा पडतो: मुलं आधी, काम करणारे आधी, की ज्यांची मर्जी सांभाळायची ते आधी. आणि नंतर सेंट जॉन कुटुंबाच्या डेअरीवर जेवणाचं आमंत्रण येतं तेव्हा सगळे का भुलतात, हे पोटातून कळलेलं असतं.

१२. केनी माझ्यावर सारखा का चिडतो? मी तर त्याच्याशी चांगलाच वागतो.

केनी 'चांगलं वागणं' मोजत नाही. आपल्या कुटुंबाच्या बाजूने कोण उभं राहिलं, एवढंच तो मोजतो. पहिल्या एपिसोडमध्ये हर्शेलच्या शेतावर तुम्ही डककडे धावलात की हर्शेलच्या मुलाकडे, शॉनकडे. औषधाच्या दुकानात लॅरी डकला बाहेर काढायला निघाला तेव्हा कोणाची बाजू घेतलीत. मांसाच्या कोठीत लॅरी कोसळल्यावर केनीला साथ दिलीत की आपल्या बापाला, लॅरीला, जगवू पाहणाऱ्या लिलीला. तिथे शॉन आणि लॅरी काहीही केलं तरी मरतात (का, ते प्रश्न ९ मध्ये). केनी मात्र सगळं जपून ठेवतो.

याचा हिशोब चौथ्या एपिसोडच्या शेवटी होतो. लीला चावा बसला आहे, क्लेमेंटाइन बेपत्ता आहे आणि तिला शोधायला कोण येणार, असा प्रश्न आहे. तुम्ही चावा दाखवला की लपवला, आणि आतापर्यंत कोणाशी कसे वागलात, यावर सगळे येतात, काहीच येतात किंवा तुम्ही एकटे निघता. पुढे ती माणसं पुन्हा एकत्र येतात हे खरं, पण केनी 'येत नाही' म्हणाला तो क्षण कोणी विसरत नाही.

१३. इतके झॉम्बी गेम आहेत, मग रडू याच गेममध्ये का येतं?

क्लेमेंटाइनला सांभाळण्याचं काम गेमने तुम्हाला फार लहान लहान गोष्टींतून दिलं आहे, म्हणून. दुसऱ्या गेममध्ये असं लहान मूल बरोबर आलं की ते ओझं होतं. सारखं मध्ये येतं, अडकतं. क्लेमेंटाइन तशी कधीच वाटत नाही. ती विचारते, ऐकते, कधी चुकते आणि शिकते.

पहिल्याच घरात टेलिफोनवर तिच्या आईचे निरोप साठलेले असतात. सव्हानाला गेलेली आई एकेका निरोपात जास्त घाबरत जाते. ते ली ऐकतो, आणि मग त्याला त्या मुलीशी बोलायचं असतं. तिसऱ्या एपिसोडमध्ये आगगाडीत चक नावाचा म्हातारा स्पष्ट सांगतो: अशीच ठेवलीस तर ही पोर मरेल. मग ली तिचे केस कापतो, कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून. तिला पिस्तूल धरायला शिकवतो. बटणं दोन-चारच दाबायची असतात. पण कात्री चालवताना ती आपल्याशी बोलत असते, आणि तेवढ्यात जो लळा लागतो तो शंभर वॉकर मारून लागत नाही.

आवाजांचाही मोठा वाटा आहे. लीला डेव्ह फेनॉय आणि क्लेमेंटाइनला मेलिसा हचिसन यांनी आवाज दिला. लीच्या आवाजातला थकलेला मऊपणा शेवटच्या एपिसोडमध्ये काय करतो, हे ज्याने ऐकलं त्याला सांगायला नको. या सीझनला २०१३ मध्ये कथेसाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला तो योग्यच होता.

१४. मोटारीतलं सामान मी घेतलं नव्हतं. तरी तो अनोळखी माणूस मलाच का दोष देतो?

कारण तुमच्या सोबत्यांनी घेतलं. दुसऱ्या एपिसोडच्या शेवटी तुम्ही नकार देऊ शकता, पण बाकीचे ती गाडी रिकामी करतातच. पाचव्या एपिसोडमध्ये सव्हानाच्या हॉटेलच्या खोलीत त्या गाडीचा मालक तुम्हाला समोर बसवून तुमचे एकेक निर्णय काढतो. नकार दिला असेल तर तसं सांगता येतं, पण त्याचं घर उद्ध्वस्त झालंच आहे. गटाबरोबर राहिलात तर गटाच्या पापातही वाटा आला, असं गेम इथे म्हणतो. कठोर आहे, पण मला ते पटतं.

१५. शेवटी क्लेमेंटाइनला गोळी झाडायला सांगावं की निघून जा म्हणावं?

यातही बरोबर-चूक नाही, पण दोन्हीचा अर्थ वेगळा आहे. गोळी झाडायला लावलीत, तर लीला वॉकर होऊ न देण्याचं ओझं तिच्यावर जातं, आणि या जगात तिला ते पुढे लागणारच आहे. निघून जायला सांगितलंत, तर तिचं बालपण आणखी थोडं वाचवायचा प्रयत्न करता.

त्या आधीचे क्षण घाईत उरकू नका. पोलिसांच्या गाडीत बेड्यांत सुरुवात केलेला ली इथे स्वतःहून क्लेमेंटाइनकडून बेडी घालून घेतो, आपल्याकडून तिला इजा होऊ नये म्हणून. मग शेवटचे सल्ले निवडायचे असतात. त्यात केस आखूड ठेवायला सांगणंही आहे (प्रश्न १३). मी दर वेळी तेच निवडतो.

१६. एपिसोडच्या शेवटची टक्केवारी पाहून वाटतं, मी सगळ्यांच्या उलट वागले. काही चुकलं का?

काही नाही. ते आकडे इतरांनी काय केलं एवढंच सांगतात. खरं तर आपण अल्पमतात का, याचा विचार करण्यासारखा असतो. तिसऱ्या एपिसोडच्या सुरुवातीला रस्त्यावर वॉकरनी घेरलेली बाई किंचाळत असते. तिला गोळी घालून सोडवलंत तर आवाजाने वॉकर तुमच्याकडे वळतात. किंचाळू दिलंत तर सामान गोळा करायला जास्त वेळ मिळतो. तिथे तुम्ही जे केलंत त्याचं कारण तुमच्याजवळ असलं की पुरे.

१७. दुसऱ्या सीझनचा माझा शेवट तिसऱ्याने सरळ पुसून टाकला. असं का?

हा आक्षेप खरा आहे आणि याचं समर्थन मी करणार नाही. दुसरा सीझन केनी, जेन किंवा एकटीने निघणं अशा खरोखर वेगळ्या शेवटांवर संपतो. 'अ न्यू फ्रंटियर'ला हावियर नावाचा नवा नायक हवा होता, म्हणून ते सगळे शेवट छोट्या आठवणींच्या प्रसंगांत गुंडाळले गेले. प्रश्न ९ मध्ये फाटे एकत्र येण्याचं जे समर्थन केलं आहे, ते इथे लागू पडत नाही. तिथे फाटे मिळताना नात्याला अर्थ येतो. इथे नातं दोन मिनिटांत संपवलं आहे. ज्याने केनीला शेवटपर्यंत धरून ठेवलं त्याच्यावर हा अन्यायच झाला.

सारा आणि निक यांचंही तसंच. दुसऱ्या सीझनमध्ये त्यांना एकदा वाचवता येतं, पण नंतर गेमकडे त्यांच्यासाठी फारसं बोलणं उरलेलं नसतं.

१८. '४०० डेज' वगळलं तर काही अडेल का?

नाही. पाच माणसांच्या पाच छोट्या कथा आहेत आणि त्या चांगल्या आहेत, पण पुढे महत्त्व मिळतं ते फक्त बॉनीला.

१९. फायनल सीझन अर्धवट राहिला असं ऐकलं. पूर्ण आहे ना?

पूर्ण आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये टेलटेलने बहुतेक कर्मचाऱ्यांना कमी केलं तेव्हा चारपैकी दोनच एपिसोड झाले होते. उरलेले दोन किर्कमनच्या स्कायबाउंडने पूर्ण केले, आणि मार्च २०१९ मध्ये मालिका संपली.

२०. फायनल सीझनमध्ये मी दोन्ही वेळा तेच पर्याय निवडले, तरी पुलावर वेगळं माणूस मेलं. असं कसं?

म्हणजे तुम्ही एजेला काहीतरी वेगळं सांगितलंत. इथे क्लेमेंटाइन लीच्या जागी आहे आणि लहानगा एजे तिच्या जागी, त्यामुळे निर्णय तुम्ही घेत नाही. तुम्ही शिकवता आणि तो घेतो. पहिल्याच एपिसोडमध्ये हत्यार टाकलेल्या मार्लनवर तो गोळी झाडतो तेव्हा याची चुणूक मिळते.

शेवटच्या एपिसोडमध्ये पुलाच्या आधी एजे विचारतो की कठीण निर्णयासाठी तू माझ्यावर विश्वास ठेवतेस का. हो म्हणालात, तर पुलावर थिजून उभ्या राहिलेल्या टेन नावाच्या मुलावर तो गोळी झाडतो आणि लुई किंवा व्हायलेट या सोबत्यांपैकी एक (दुसऱ्या एपिसोडमध्ये ज्याला वाचवलंत ते) वाचतं. नाही म्हणालात, तर एजे थांबतो, टेन वाचतो आणि त्याला ओढून काढताना ते दुसरं माणूस जातं. हो-नाहीचं ते उत्तर पुलाच्या बऱ्याच आधी, निवांत बोलण्यात दिलेलं असतं, म्हणून ते बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. पुन्हा तपासायचं असेल तर पुलावरून सुरू करून उपयोग नाही, त्या बोलण्याच्याही आधीपासून सुरू करा.